बशीच्या काठावरची मूठ

९ मार्च २०२५

चि. वाल्मिक,

आशीर्वाद. पत्राच्या डोक्यावर लिहायचा असतो म्हणून लिहिला, घ्यायचा की नाही ते तू बघ. गेले सात दिवस तुला फोन लावतोय, एकदाही वाजत नाही. तुझ्या वहिनीच्या फोनवरून लावला तेव्हा तू उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हा कागद. पाकीट फोडून परत चिकटवलेलं दिसलं तर मला कळव, आमच्या पोस्टमनचा मला भरवसा नाही.

धनूचं मनगट कसं आहे? आत स्टीलची पट्टी बसवली असं ऐकलं. उजवाच हात, आणि अकरावीची परीक्षा तोंडावर. तुम्ही भिंगारला राहता तरी दर शनिवार-रविवारी ती इथं खेळायला येते, पोरगी माझ्या डोळ्यांसमोर वाढली, मलाही वाईट वाटतं. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर चार लोकांत तू जे बोललास ते मी विसरणार नाही. "दादा, दाणे तूच टाकलेस. तुला सही करायची नव्हती, म्हणून पोरीचा हात मोडलास." सख्ख्या भावाला कुणी असं बोलतं का रे?

आता शांतपणे ऐक. बापाची बारा गुंठ्यांची खळ्याची जागा. तीन वर्षांपूर्वी तुझे सहा गुंठे तू मला न विचारता पंचायतीला देऊन टाकलेस, का तर धनूला नि गावातल्या पोरांना स्केटपार्क पाहिजे. तुझ्या सहा गुंठ्यांत सिमेंटची ती खोलगट बशी झाली. पोरं चाकाच्या फळीवर उभी राहतात, एका काठावरून आत घसरतात नि दुसऱ्या काठावर चढतात. आता म्हणे ती लहान पडते, राहुरीपासूनची पोरं येतात, वाढवायची आहे. आणि वाढवायची तर माझ्या सहा गुंठ्यांत. १५ एप्रिलच्या ग्रामसभेत संमतीपत्रावर माझी सही पाहिजे. मी अजून केलेली नाही, आणि गेल्या रविवारी त्याच बशीत सांडलेल्या दाण्यांवर धनूच्या फळीचं चाक अडकून ती पडली, म्हणून मी गुन्हेगार.

एकतीस वर्षं कारखान्याच्या काट्यावर बसलो. ऊस भरून गाडी आली की मी माणसाच्या तोंडाकडे बघत नव्हतो, चाकाकडे बघायचो. वजनाच्या वेळी कुणाचा पाय काट्यावर आहे, कुणी मोळीत ओली माती घातली आहे, ते मला बसल्या जागी कळायचं. त्याच डोळ्यांनी या प्रकरणाकडे बघतोय. माझा संशय तिघांवर आहे.

पहिली ती डिझाईनवाली मोनिका. श्रीगोंद्याची शेतकऱ्याची पोर, पुण्यात शिकली, आता गावोगाव असले पार्क आखत फिरते. अपघात झाला त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "जागा अपुरी पडते, नवशिक्यांना वेगळा उथळ भाग पाहिजे, नाहीतर असं होणारच." बघ म्हणजे. पोरगी पडली की हिचा नकाशा वाढतो.

दुसरी राहीबाई, शाळेमागची. तिच्याविषयी पुढच्या पत्रात लिहीन, आधी खात्री करतो.

तिसरा तू. रागावू नकोस. माझ्यावर आळ आला तर मी लाजेनं सही करीन, एवढा हिशेब तुला जमतो.

मी स्वतः त्या बशीकडे पाऊलही टाकत नाही. मला तिथं काय काम? सिमेंट सकाळी नऊलाच असं तापतं की दुपारपर्यंत कसलंही वाळवण कडक होतं, असं लोक सांगतात. आपल्याला काय त्याचं.

धनूला सांग, आप्पानं विचारलंय.

रंगनाथ


१७ मार्च २०२५

चि. वाल्मिक,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही हेही कळायला मार्ग नाही, म्हणून हे रजिस्टर करतोय. पोचेवर तुझी सही येईल. निदान तेवढी तरी कर.

काल शाळेत बैठक झाली. मी गेलो. नाही गेलो तर माझ्यामागे काय ठरवतील कोण जाणे. मोनिकानं पोरांना चिखलाचे गोळे दिले होते आणि वाढीव पार्क कसा पाहिजे ते करून दाखवा म्हणाली. पोरांनी काय काय केलं होतं! एकीनं उथळ ताटली केली, एकानं पायऱ्या, एकानं लांबलचक सापासारखी नाली. मोनिका प्रत्येकाजवळ उकिडवी बसून विचारत होती, "इथून येशील तर पुढं वेग कुठं जाईल? पाऊस पडला तर पाणी कुठं जाईल?" मग त्यातलं थोडं थोडं घेऊन तिनं कागदावर निळ्या पेन्सिलीनं माझे सहा गुंठे आखले. मी जवळ जाऊन बघितलं. माझ्या जागेतलं कडुलिंब निळ्या रेषेच्या आत होतं.

मी म्हणालो, "लिंब तोडणार का?"

"नाही हो काका, वळसा घालतोय. सावली पाहिजे ना पोरांना."

मला पटलं नाही. कागदावरचा वळसा प्रत्यक्षात सरळ होतो हे मी रस्त्याच्या कामात बघितलंय.

मग अपघाताचा विषय निघाला. सरपंच म्हणाले, बशीत दाणे आले कुठून? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग माझ्याकडे. तुझ्या तोंडून निघालेलं भिंगारहून इथपर्यंत आलंय. तेव्हा मला बोलावं लागलं. मी एकच नाव घेतलं. राहीबाई. दर साल हरभरा, गहू, कुरडया, सगळं ती तिथं वाळत घालते. जे खरं तेच मी सांगितलं.

ती मागं बायकांत बसली होती. उठून म्हणाली, "रंगनाथ भाऊ, तुमी बगितलं का मला त्या दिवशी?"

मी म्हणालो, "हरभरा वाळवतेस का नाही?"

"वाळवते. समदं गाव वाळवतं. बापजाद्यांचं खळं हाय ते, मातीचं हुतं तवा बी तिथंच वाळवायचो. तुमी बी वाळवता."

शेवटचं वाक्य तिनं उगाच जोडलं. आपल्यावर आलं की माणूस दुसऱ्याला ओढतं.

ठराव झाला. बशीच्या चारी बाजूंना पाट्या लागणार, धान्य वाळवण्यास सक्त मनाई. राहीबाईला समज दिली. ती खाली मान घालून गेली. एकटी बाई आहे, नवरा गेला, दोन गोण्यांचं पीक. पण नियम म्हणजे नियम. तू म्हणायचास ना, दादा नियमाला पक्का आहे.

तेव्हा आता माझं नाव साफ झालं. तू फोन चालू कर. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर जे बोललास ते भिंगारच्या चार लोकांत मागं घे. मग सहीचं बघू.

धनू बैठकीला नव्हती. तू तिला पाठवत नाहीस असं कळलं. पोरीचा काय दोष?

रंगनाथ


२८ मार्च २०२५

वाल्मिक,

पोच आली. त्यावर तुझी सही नाही, धनूची आहे, डाव्या हातानं केलेली. वाकडी आहे पण वाचता येते. ती पोच मी वहीत ठेवली आहे.

परवा पाडवा. गुढी उभारशीलच. माझ्याकडून घरात सगळ्यांना शुभेच्छा सांग.

बुधवारी मोनिका घरी आली होती. तुझी वहिनी चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. म्हणाली, "काका, धनश्रीच्या फळीचं चाक अडकलं होतं ना, ते मी खोललं. आत हे सापडलं. बशीच्या तळाशीही होतं थोडं. हरभरा नाही हा. गहूही नाही. आमच्याकडं हे पिकत नाही, तुम्ही ओळखाल म्हणून आणलं."

मी बघितलं. विशेष काही नव्हतं. मी म्हणालो, रानगवताचं बी असेल, वाऱ्यानं येतं.

ती म्हणाली, "इतकं जड?"

मी म्हणालो, "वारा लई असतो मार्चमध्ये."

तिनं पुडी घडी करून परत ठेवली. चहा पिऊन, लिंबाचा घेर टेपनं मोजून गेली. नवा नकाशा दाखवला तिनं. वळसा खरंच घातला आहे, मुळांसाठी सहा फूट माती मोकळी सोडली आहे. तेवढं मान्य करतो.

तुझी वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा आणला तेव्हा पुडी उघडीच होती टेबलावर. तिनं बघितली असेल का?

वाल्या, बाप खळं उरकल्यावर काय करायचा आठवतं का तुला? धान्य मोजून गोण्यांत भरलं, खळं झाडलं, की शेवटची एक मूठ पूर्वेच्या कडेला टाकायचा. म्हणायचा, हा पाखरांचा वाटा. आणि आपल्याला हात लावू द्यायचा नाही. तू एकदा त्यातले दाणे उचलून खाल्लेस तर तुला त्यानं लिंबाला बांधून ठेवलं होतं. टाकलेला वाटा परत घ्यायचा नसतो, एवढंच त्याचं म्हणणं. धनू पाच-सहा वर्षांची असताना तिच्या हातानं टाकायला लावायचा. तिची मूठ केवढीशी, चार दाणे मावायचे.

हे का लिहितोय ते मला माहीत नाही. पाडवा आला की जुनं आठवतं.

राहीबाई आता पत्र्यावर वाळवते. शिडी लावून वर चढते. साठीच्या पुढची बाई. काल मी रस्त्यानं जाताना ती वर होती, तिनं मला बघून पदर सारखा केला आणि पाठ फिरवली. शिडी हलत होती. कुणीतरी धरायला पाहिजे होती.

बाकी क्षेम.

रंगनाथ


७ एप्रिल २०२५

वाल्या,

हे पत्र सावकाश वाच. आणि सगळं वाचून होईपर्यंत धनूला रागावू नकोस.

काल रविवारी ती इथं आली होती. तुला मैत्रिणीकडं जाते सांगून आली, एसटीनं, एकटी. हात गळ्यात बांधलेला. मी बशीच्या कडेला लिंबाखाली बसलो होतो. हो, तिथंच. मी तिथं रोज जातो. तीन वर्षांपासून जातो. पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खोटं होतं.

आणि मी तिथं वाळवतोही. पार्क झाला तेव्हापासून. माझ्या सहा गुंठ्यांत काटे आणि खडे, तिथं सुपातलं पसरलं तरी निम्मं जातं. तुझ्या बशीचा सपाट काठ म्हणजे काचेसारखा. पहाटे उठून पसरायचो, दुपारनंतर पोरं यायच्या आत गोळा करायचो. गावात मी पार्कच्या विरोधात बोलायचो आणि पहाटे त्याच्यावर माझं धान्य असायचं. राहीबाई खरं बोलली होती.

मोनिकाच्या पुडीत करडई होती. पांढरी, टणक, तुकतुकीत. बघताक्षणी ओळखली. अख्ख्या गावात आता करडई कोण करतं? मीच. बांधाच्या कडेनं चार ओळी, घरच्या तेलापुरत्या. काट्यांमुळं मजूर येत नाहीत, पहाटेच्या दंवात काटे नरम असतात तेव्हा मीच कापतो, हात रक्ताळतात. मला ती ओळखू येणार नाही तर कुणाला? आणि मी त्या पोरीला सांगितलं, गवताचं बी. एकतीस वर्षं दुसऱ्यांची खोटी वजनं पकडली, आणि घरात बसून चहाच्या टेबलावर हे केलं.

दाणे मी टाकले नाहीत असं तुला लिहीत होतो, ते माझ्यापुरतं खरंही होतं. पोरीला पाडायला टाकले नाहीत. पण मूठ मीच ठेवली. एक मार्चला शनिवारी करडई वाळवली, दुपारी भरली, झाडून काढलं, आणि सवयीनं पूर्वेच्या काठावर एक मूठ ठेवली. बापाच्या जागेवर. दरसाल ठेवतो. मातीच्या खळ्यावर दाणा पडेल तिथं बसतो. चिमण्या चोचीनं उडवतात तरी हातभर लांब जाऊन थांबतो. सिमेंटच्या उतारावर तो थांबत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रविवारी सकाळी पाखरांनी अर्धी मूठ खाल्ली आणि अर्धी बशीत लोटली, आणि धनू त्या बाजूनं खाली आली.

तुझ्या आरोपानंतर चार दिवसांतच मला हे कुठंतरी कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच मी राहीबाईचं नाव घेतलं. यापेक्षा वाईट काही मी आयुष्यात केलेलं मला आठवत नाही. मला स्वतःची लाज वाटते, वाल्या.

आता धनूचं.

ती येऊन माझ्याशेजारी बसली. पाटी वाचली. मग म्हणाली, "आप्पा, राहीकाकूंना का बोललात तुम्ही?"

मी हात दुखतो का ते विचारलं.

"मी बघितलं होतं तुम्हाला. शनिवारी. आम्ही शाळेच्या ओट्यावर डबा खात होतो. तुम्ही मूठ ठेवली, हात जोडले नि गेलात."

मी म्हणालो, "मग सांगितलं का न्हाईस तुझ्या बापाला?"

"पप्पा तुम्हाला अजून काहीतरी बोलले असते."

महिनाभर ती हे मनात धरून बसली आहे. तू माझ्यावर ओरडत होतास तेव्हा दवाखान्यात खाटेवर पडून ती सगळं ऐकत होती. बैठकीला ती आली नाही. तू पाठवलं नाहीस असं मी धरून चाललो होतो. तिनं सांगितलं, तू जा म्हणत होतास, तीच आली नाही. समोर कुणी विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं म्हणून.

मी तिला म्हणालो, तुझी काहीच चूक नाही. त्यावर ती रडायला लागली. मला कळेना. मग तिनं जे सांगितलं ते तुला तिच्याच शब्दांत लिहितो, माझे शब्द घालत नाही.

"मोनिकाताईचा नियम आहे, उतरायच्या आधी बशी झाडायची. मी झाडली रविवारी. सगळी झाडली. पूर्वेची कड सोडली. तुमची मूठ होती ना तिथं. आजोबा म्हणायचे वाटा मोडायचा नाही, म्हणून झाडू तिथं नेला नाही. म्हटलं, मी दुसऱ्या बाजूनं खेळेन. मग खेळताना विसरले."

वाल्या, झाडू तिच्या हातात होता. एक हात मारला असता तर आज तिचं मनगट धड असतं. आणि तिनं तो मारला नाही, कारण चार दाण्यांच्या मुठीपासून आपल्या बापानं तिला हेच शिकवलं, आणि मी ते तिच्यासमोर चालू ठेवलं. तू म्हणालास मी पोरीचा हात मोडला. त्या पायऱ्यांवर मला जितका राग आला होता, तितकंच ते आता पटतं.

काल संध्याकाळी मी राहीबाईकडं गेलो. ती पत्र्यावरून कुरडया उतरवत होती. मी शिडी धरली. ती खाली आल्यावर सांगितलं सगळं. कुरडया निवडता निवडता ती म्हणाली, "मला एकटीला सांगून काय उपेग? नाव सभंत घेतलं हुतं तुमी." बरोबर आहे. १५ तारखेला ग्रामसभेत उठून सांगणार आहे, पहिल्या रांगेतून, माईक हातात घेऊन. त्या पाट्यांवर आता माझं नाव लिहिलं तरी चालेल.

सही त्याच दिवशी करतो. मोनिकाला आज फोन करून पुडीतलं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं काका. तुमच्या परसात करडईची पेंढी उभी होती." मग त्या दिवशी का नाही बोललीस, विचारलं. म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून थांबले." इतके दिवस मी तिच्या टेपवर नजर ठेवून होतो!

नकाशात मी एकच गोष्ट मागितली. लिंबाच्या पलीकडं, पार्कच्या जमिनीपेक्षा खाली, वाळवणासाठी एक सपाट ओटा, गावासाठी. म्हणजे तिथला दाणा पडला तरी पार्ककडं चढून येणार नाही. ती म्हणाली उंची जुळवून बघते. राहीबाईला विचारून ओट्याची लांबी ठरवणार आहे. मला विचारलं नाही, आणि तेही बरोबरच.

धनूला मी भिंगारच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून तिनं विचारलं, "आप्पा, मी झाडलं असतं तर आजोबांना राग आला असता का?" गाडी निघाली. ती मागं वळून बघत होती.

याचं उत्तर बापानं द्यायचं होतं, पण तो नाही. मी एकट्यानं "नाही" म्हटलं तर तिला वाटेल, आप्पा स्वतःला सोडवतोय. तू एकट्यानं म्हटलंस तर वाटेल, पप्पा दादाला बोल लावतायत. म्हणून तिला घेऊन पंधराला ये. सभा सकाळी दहा वाजता आहे, त्याआधी तासभर ये. आपण तिघं बशीच्या पूर्वेच्या काठावर जाऊ. झाडू मी घेऊन येतो. तू आणि मी, दोघांनी मिळून ती कड तिच्यासमोर झाडायची.

तुझा,
दादा